आव्यूह संयोजन (‘आर’ भाषेतील)

आव्यूह संयोजन : दोन किंवा अधिक आव्यूह ओळींच्या अथवा स्तंभांच्या दिशेने परस्परांना जोडून एकच मोठा आव्यूह तयार करण्याच्या क्रियेस आव्यूह संयोजन म्हणतात. आव्यूह म्हणजे संख्यांची ओळी व स्तंभ यांत केलेली आयताकृती मांडणी होय [⟶ आव्यूह सिद्धांत]. बीजगणितात आव्यूहांच्या बेरजेला व गुणाकाराला जे महत्त्व आहे, ते संयोजनाला नाही. कारण या क्रियेत नवीन संख्या निर्माण होत नाही, असलेल्या संख्याच शेजारी शेजारी आणून बसविल्या जातात. मात्र संगणकाच्या साहाय्याने सांख्यिकीय माहितीवर संस्करण करणाऱ्यास ही क्रिया पदोपदी करावी लागते. माहिती एकाच ठिकाणाहून व एकाच वेळी क्वचितच मिळते. ती वर्षावर्षाच्या, गावोगावच्या किंवा पाळीपाळीच्या तुकड्यांनी येते आणि विश्लेषणापूर्वी हे तुकडे एकत्र करावे लागतात. हे काम कसे केले यावर गणनेस लागणारा वेळ अवलंबून असतो. निष्कर्षाचा खरेखोटेपणाही पुष्कळदा येथेच ठरतो.

प्रस्तुत नोंदीत ‘आर’ या सांख्यिकीय भाषेतील संयोजनाचे विवेचन केले आहे. विवेचन मूर्त व्हावे म्हणून सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. पुणे शहराच्या वायव्येस, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यास लागून असलेल्या ताथवडे येथे महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाचे वळूमाता प्रक्षेत्र आहे. ज्या गायींचे नर-वासरे पुढे पैदाशीचे वळू म्हणून निवडावयाची असतात, त्या गायींना वळूमाता म्हणतात. अशा गायींच्या दूधनोंदी अर्थातच काळजीपूर्वक ठेवाव्या लागतात. तुलनेसाठी गायीचे प्रमाण वेत ३०५ दिवसांचे धरतात आणि रोजच्या ऐवजी महिन्यातून एकदा दूध मोजण्याची पद्धत रूढ असल्यामुळे एका वेताच्या सुमारे १० नोंदी होतात. प्रत्येक नोंद ही एक ओळ मानली आणि गायीचा बिल्ला क्रमांक, वेताचा क्रमांक, व्यायल्यापासूनचे दिवस, सकाळचे व सायंकाळचे दूध, स्निग्धांश, प्रथिने इ. १२ बाबींचे १२ स्तंभ केले, तर प्रत्येक वेतासाठी १० ओळींचा व १२ स्तंभांचा एक लहान आव्यूह मिळतो. असे शेकडो आव्यूह जोडल्याशिवाय कोणती गाय सरस, हे सांगता येत नाही. गोठविलेल्या रेताच्या साहाय्याने एकाच वळूची संतती हजारो गोठ्यांत पोहोचू शकते. त्यामुळे त्याच्या मातेच्या नोंदीतील चूकही तितक्याच दूर पोहोचते. (पुढील विवेचनातील आकडे स्पष्टीकरणासाठी योजलेले असून ते कोणत्याही प्रक्षेत्राच्या प्रत्यक्ष नोंदी नव्हेत.)

भाषेची पार्श्वभूमी : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ च्या सुमारास ‘एस’ ही सांख्यिकीय भाषा विकसित केली. तिच्याच धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या काळात ‘आर’ भाषा रचली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध झाली. १९९७ पासून तिची जबाबदारी एका आंतरराष्ट्रीय गटाकडे असून १.०.० ही तिची आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. मूल्य द्यावे लागत नसल्यामुळे भारतातील विद्यापीठे, कृषी संशोधन संस्था व उद्योग यांत तिचा प्रसार जलद झाला. तिचे वैशिष्ट्य असे की, ती प्रामुख्याने सांख्यिकीतज्ञांनी स्वतःच्या गरजेतून घडविली आहे. साहजिकच तीत आव्यूह ही बाहेरून आणलेली सोय नसून भाषेचा मूलभूत घटक आहे.

स्मृतीतील रचना : संगणकाची स्मृती एकामागून एक येणाऱ्या घरांच्या एकाच लांब रांगेसारखी असते. तीत द्विमितीय आव्यूह ठेवावयाचा तर तो कोणत्या तरी क्रमाने उलगडावा लागतो. फोर्ट्रान या जुन्या भाषेप्रमाणे आर भाषेतही हा क्रम स्तंभाचा असतो. म्हणजे आधी पहिला स्तंभ वरून खालपर्यंत, मग दुसरा, मग तिसरा. ज्याच्या पहिल्या ओळीत १, ३, ५ व दुसऱ्या ओळीत २, ४, ६ या संख्या आहेत असा आव्यूह स्मृतीत १, २, ३, ४, ५, ६ असा राहतो. आर भाषेच्या दृष्टीने आव्यूह म्हणजे अशी एक सलग रांग आणि तिला चिकटविलेली ‘ओळी २, स्तंभ ३’ ही चिठ्ठी, एवढेच होय. पूर्णांकाच्या एका घरास ४ बाइट व दशांश संख्येच्या घरास ८ बाइट जागा लागते.

या रचनेवरून संयोजनाच्या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट होतो. वरील आव्यूहास ७, ८ हा स्तंभ जोडावयाचा असेल, तर त्या संख्या रांगेच्या शेवटी ठेवून चिठ्ठीवर ‘स्तंभ ४’ असे लिहिले की काम झाले. परंतु ७, ८, ९ ही ओळ जोडावयाची असेल, तर रांग १, २, ७, ३, ४, ८, ५, ६, ९ अशी होते. म्हणजे प्रत्येक स्तंभ फोडून त्याच्या शेवटी एकेक नवी संख्या घुसवावी लागते. वहीच्या शेवटी पान जोडणे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ वाढविणे यांत जो फरक आहे, तसाच हा फरक आहे. तथापि दोन्ही प्रकारांत आर भाषा जुन्या आव्यूहाला हात लावीत नाही. ती नव्या आकाराची जागा मागून घेते, जुन्या संख्यांची तीत नक्कल करते व मग नव्या संख्या भरते. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या नकलेत आहे.

मूलभूत फलने : ओळींच्या दिशेने जोडणाऱ्या फलनास ‘आर-बाइंड’ आणि स्तंभांच्या दिशेने जोडणाऱ्यास ‘सी-बाइंड’ अशी नावे आहेत, ओळ व स्तंभ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे त्यांत आलेली आहेत. पहिल्यासाठी सर्व आव्यूहांतील स्तंभांची संख्या समान असावी लागते, तर दुसऱ्यासाठी ओळींची. ही अट मोडल्यास संगणक चूक दाखवून थांबतो. ही चूक निरुपद्रवी म्हटली पाहिजे, कारण ती बोलते. ज्या चुका बोलत नाहीत त्या अधिक घातक असून त्यांचा येथे थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट आहे.

अशी पहिली चूक स्तंभांच्या क्रमाची होय. दोन आव्यूह आर-बाइंडने जोडताना स्तंभांची नावे जुळतात की नाही, हे पाहिले जात नाही. पहिला स्तंभ पहिल्याखाली, दुसरा दुसऱ्याखाली असे केवळ स्थानावरून संयोजन होते व नावे पहिल्या आव्यूहाची घेतली जातात. एका वर्षीच्या नोंदवहीत आधी स्निग्धांश व मग प्रथिने, आणि पुढील वर्षीच्या नोंदवहीत आधी प्रथिने व मग स्निग्धांश असा क्रम असेल, तर जोडलेल्या आव्यूहात एकाच स्तंभात दोन भिन्न गोष्टी येतात. गायीच्या दुधातील स्निग्धांश ४.२ टक्के व प्रथिने ३.३ टक्के हे दोन्ही आकडे दुसऱ्याच्या जागीही अगदीच अशक्य वाटत नाहीत. त्यामुळे नजरेने चूक सापडत नाही, सरासरी थोडीशी ढळते आणि वळूमातांचा क्रम बदलतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक आव्यूहाचे स्तंभ जोडण्यापूर्वी नावाने मागवून एका ठरीव क्रमात आणावेत, म्हणजे स्थान व नाव यांत तफावत राहत नाही.

दुसरी चूक पुनरावर्तनाची. आव्यूहास एकेरी रांग जोडताना ती आखूड पडली, तर आर भाषा ती रांग पुनःपुन्हा वापरून जागा भरून काढते. बारा महिन्यांच्या १२ ओळींच्या आव्यूहास सहाच महिन्यांच्या पावसाचे आकडे सी-बाइंडने जोडले, तर तेच सहा आकडे दोनदा येतात. १२ ला ६ ने पूर्ण भाग जात असल्यामुळे सूचनाही मिळत नाही; आकडे ७ असते तर निदान इशारा मिळाला असता. एकच स्थिर संख्या संपूर्ण स्तंभात भरण्यास ही सोय उपयोगी असली, तरी एरवी लांबी आधी तपासून घेणे बरे.

तिसरी बाब प्रकाराची. आव्यूहातील सर्व घरे एकाच प्रकारची असावी लागतात. संख्यांच्या आव्यूहास गायींच्या नावांचा स्तंभ जोडला की सर्व संख्यांचे अक्षरांत रूपांतर होते. त्यानंतर त्यांची बेरीज होत नाही आणि क्रम लावल्यास १० हा ९ च्या आधी येतो. वर्गवारी दर्शविणारा स्तंभ जोडल्यास तर वर्गांची नावे जाऊन त्यांच्या जागी केवळ अंतर्गत अनुक्रमांक उरतात. याखेरीज आव्यूहातून एकच ओळ किंवा एकच स्तंभ निवडला असता त्याचे आव्यूहपण नाहीसे होऊन साधी रांग उरते, हेही लक्षात ठेवावे लागते. निवडलेला एकमेव स्तंभ आर-बाइंडला दिला, तर तो आडवा होऊन ओळ म्हणून जोडला जातो. निवडताना मिती टिकवून ठेवण्याची सूचना दिल्यास हा प्रकार टळतो.

पुनःपुन्हा संयोजनाचा खर्च : नवशिक्या कार्यक्रमकाराची स्वाभाविक पद्धत अशी असते : रिकाम्या आव्यूहापासून प्रारंभ करावयाचा, लूपच्या साहाय्याने एकेक वेताची नोंद वाचावयाची आणि ती आतापर्यंतच्या आव्यूहास आर-बाइंडने जोडून परिणाम त्याच नावाने ठेवावयाचा. वाचावयास ही पद्धत सरळ वाटते व उत्तरही बरोबर येते. थोड्या नोंदी असतील तर ती वापरण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक जोडणीच्या वेळी आधीच्या सर्व ओळींची पुन्हा नक्कल होते, हे वर सांगितलेच आहे.

समजा, १,००० वेतांचे प्रत्येकी १० ओळींचे आव्यूह आहेत. पहिल्या जोडणीत १० ओळी लिहिल्या जातील, दुसऱ्या जोडणीत २०, तिसऱ्या जोडणीत ३० आणि शेवटच्या जोडणीत १०,०००. या सर्वांची बेरीज ५०,०५,००० ओळी होते. १२ स्तंभांच्या एका ओळीस ९६ बाइट लागत असल्यामुळे सुमारे ४८ कोटी बाइट लिहिले जातात; प्रत्यक्षात हाती येणारा आव्यूह मात्र अवघ्या ९,६०,००० बाइटांचा असतो. म्हणजे जरुरीपेक्षा सुमारे ५०० पट लेखन झाले. वेतांची संख्या १०,००० केली, तर अंतिम आव्यूह दसपट म्हणजे ९६ लाख बाइटांचा होतो. परंतु एकूण लेखन शंभरपट वाढून सुमारे ४,८०० कोटी बाइटांवर जाते. तुकड्यांची संख्या न असल्यास खर्च न च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असा याचा अर्थ आहे. शिवाय टाकून दिलेल्या जुन्या नकलांची जागा मोकळी करण्याचे काम मधूनमधून करावे लागते, त्याचा वेळ निराळाच. पॅट्रिक बर्न्स यांनी ‘द आर इन्फर्नो’ या आपल्या पुस्तिकेत आर वापरणाऱ्यांच्या चुका नरकाच्या वर्तुळांच्या रूपात मांडल्या आहेत. त्यांतील दुसरे वर्तुळ त्यांनी वस्तू अशी हळूहळू वाढवीत नेणाऱ्यांसाठी राखून ठेवले आहे.

या दोषाचे खापर पुष्कळदा लूपवर फोडले जाते व लूप टाळावा असा उपदेश केला जातो. तो नेमका नाही. लूप तसाच ठेवून त्यातील जोडणी बाहेर काढली, तरी बहुतेक सगळा लाभ मिळतो; आणि उलटपक्षी लूप काढून टाकला पण जोडणी दोन-दोन आव्यूहांची ठेवली, तर काहीच लाभ होत नाही. ‘रिड्यूस’ या फलनाला आर-बाइंड दिल्यास नेमके हेच घडते. दिसावयास ती एका ओळीची सुबक आज्ञा असते, परंतु आत पहिला व दुसरा, मग त्यांना तिसरा, मग चौथा अशीच साखळी चालते आणि तेच ५० लाख ओळींचे लेखन होते.

एकदाच संयोजन : योग्य पद्धत अशी की, प्रत्येक वेताचा आव्यूह वाचून तो एका यादीत नुसता ठेवून द्यावयाचा व सर्व तुकडे जमल्यावर ‘डू-कॉल’ या फलनाद्वारे संपूर्ण यादी एकाच वेळी आर-बाइंडला द्यावयाची. आर-बाइंडला कितीही आव्यूह एकदम देता येतात. ते प्रथम सर्वांच्या ओळी मोजते, एकूण आकाराची जागा एकदाच घेते आणि प्रत्येक संख्या तिच्या जागी एकदाच लिहिते. वरील उदाहरणात ५०,०५,००० ओळींऐवजी १०,००० ओळी लिहिल्या जातील. यादीत आव्यूह ठेवताना त्यातील संख्यांची नक्कल होत नाही, फक्त त्याच्या ठिकाणाचा निर्देश ठेवला जातो. त्यामुळे यादी भरणे स्वस्त पडते. यादी तयार करण्यासाठी ‘एल-अप्लाय’ हे फलन सोयीचे आहे.

काही कारणाने सर्व तुकडे एकदम जोडता येत नसतील, तर त्यांच्या जोड्या लावाव्यात, तयार झालेल्या आव्यूहांच्या पुन्हा जोड्या लावाव्यात व हा क्रम चालू ठेवावा. १,००० तुकड्यांसाठी सुमारे १० फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत सर्व १०,००० ओळी एकदा लिहिल्या जातात. म्हणजे एकूण लेखन सुमारे १ लाख ओळींचे होते. एकदाच जोडण्यापेक्षा हे दसपट असले, तरी साखळीच्या मानाने ५० पट कमी आहे.

अंतिम आकार आधीच ठाऊक असेल, तर आणखी एक मार्ग मोकळा असतो. पूर्ण आकाराचा आव्यूह प्रारंभीच आखून घ्यावयाचा व लूपमध्ये ज्याची त्याची जागा भरत जावयाची. येथे एक बारकावा आहे. रिक्त आव्यूह सामान्यतः ‘माहिती नाही’ या चिन्हाने भरतात. परंतु हे चिन्ह स्वभावतः तार्किक प्रकारचे असल्याने पहिली दशांश संख्या ठेवताक्षणीच संपूर्ण आव्यूहाचा प्रकार बदलतो आणि सगळ्याची नक्कल होते. म्हणून या चिन्हाचे दशांश रूप वापरावे. शून्याने भरू नये. कारण न भरलेली जागा व खरोखर शून्य लिटर दूध यांत मग भेद करता येत नाही. स्तंभांचा क्रम लक्षात घेता एका फेरीत एक संपूर्ण स्तंभ भरणे हे एक ओळ भरण्यापेक्षा स्मृतीच्या दृष्टीने सोयीचे असते, कारण सर्व घरे सलग येतात. ‘एस-अप्लाय’ व ‘व्ही-अप्लाय’ ही फलने आपली उत्तरे स्तंभ म्हणूनच मांडतात आणि वापरणाऱ्यास शेवटी आव्यूह आडवा करून घ्यावा लागतो, त्याच्याशी ही रचना सुसंगत आहे. या दोहोंपैकी व्ही-अप्लाय अधिक विश्वसनीय होय. उत्तराची अपेक्षित लांबी व प्रकार त्याला आधी सांगावे लागतात व तसे उत्तर न आल्यास ते थांबते. एस-अप्लाय मात्र लांबी न जुळल्यास आव्यूहाऐवजी मुकाट्याने यादी देते.

डेटा फ्रेम : संख्या, नावे व तारखा एकत्र ठेवावयाच्या असल्यास आव्यूहाऐवजी डेटा फ्रेम वापरतात. ही वस्तुतः समान लांबीच्या स्तंभांची यादी असते व प्रत्येक स्तंभाचा प्रकार निराळा असू शकतो. डेटा फ्रेम आर-बाइंडने जोडताना स्तंभ नावाने जुळविले जातात, हा आव्यूहाच्या मानाने मोठाच लाभ होय. मात्र नावे, वर्ग व ओळींची शीर्षके यांच्या तपासणीत बराच वेळ जातो. मॅट डाउल यांनी सुरू केलेल्या ‘डेटा.टेबल’ या पॅकेजमधील ‘आरबाइंडलिस्ट’ हे फलन हेच काम पुष्कळ वेगाने करते. एखाद्या तुकड्यात स्तंभ नसल्यास तेथे रिक्त चिन्ह भरण्याची सोयही त्यात आहे. सर्वच माहिती संख्यात्मक असेल, तर साधा आव्यूह वापरावा, हे बरे.

खुणेवरून संयोजन : आतापर्यंत ओळी एकाखाली एक ठेवण्याचा विचार झाला. स्तंभ शेजारी ठेवताना प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण तेथे एका ओळीतील सर्व संख्या एकाच व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या आहेत असे गृहीत धरलेले असते. सी-बाइंड ही खातरजमा करीत नाही. एका आव्यूहात गायी बिल्ल्याच्या क्रमाने व दुसऱ्यात व्यायल्याच्या तारखेच्या क्रमाने असतील, तर एकीचे दूध दुसरीच्या नावावर जमा होते. म्हणून ‘मॅच’ या फलनाने एका आव्यूहातील खुणा दुसऱ्यात शोधून, त्या क्रमाने ओळी लावून मगच संयोजन करावे, अथवा हीच क्रिया एकत्रितपणे करणारे ‘मर्ज’ हे फलन वापरावे.

खूण म्हणून नाव वापरणे मात्र धोक्याचे असते. महाराष्ट्राचे जिल्हे हे याचे चांगले उदाहरण आहे. १९६० मध्ये राज्याची स्थापना झाली तेव्हा २६ जिल्हे होते. २००१ च्या जनगणनेच्या वेळी ते ३५ होते व १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर ३६ झाले. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या काळातील दोन तक्ते नावाने जोडले, तर एकच जिल्हा दोन अर्धवट ओळींत विभागला जातो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यास न बदलणारा संकेतांक देऊन तो खूण म्हणून वापरता येतो. ठाण्याच्या बाबतीत मात्र संकेतांकही अपुरा पडतो. २०११ चा ठाणे व २०१४ नंतरचा ठाणे यांचे नाव एकच असले, तरी क्षेत्र एक नाही. ताथवड्याचेही असेच आहे. हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाल्यामुळे २००१ व २०११ या जनगणनांतील महानगरपालिकेच्या ओळी शेजारी ठेवल्या, तर लोकसंख्येच्या वाढीत हद्दवाढीचाही भाग मिसळलेला असतो. संगणक येथे काहीच सुचवू शकत नाही. कोणत्या दोन ओळी खरोखर तुल्य आहेत, हे विषयाच्या जाणकारानेच ठरवावे लागते.

संयोजन टाळणे : पुष्कळदा मोठा आव्यूह तयार करण्याची गरजच नसते. दुधाच्या उत्पादनाचा इतर बाबींशी असलेला संबंध लघुतम वर्ग पद्धतीने काढावयाचा असल्यास [⟶ सांख्यिकी] माहितीच्या आव्यूहास त्याच्याच परिवर्त आव्यूहाने, म्हणजे ओळींचे स्तंभ केलेल्या आव्यूहाने, गुणून येणारा लहान आव्यूह पुरेसा होतो. १२ स्तंभ असतील, तर ओळी दहा असोत वा दहा कोटी, हा गुणाकार १२ × १२ एवढाच राहतो आणि तो सममित असल्यामुळे त्यात वेगळ्या संख्या ७८ च असतात. महत्त्वाचे म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या तुकड्यांचा हा गुणाकार प्रत्येक तुकड्याच्या गुणाकारांच्या बेरजेइतका असतो. म्हणून प्रत्येक वर्षाचा तुकडा वाचावा, ‘क्रॉसप्रॉड’ या फलनाने त्याचा गुणाकार काढून बेरजेत मिळवावा व तुकडा टाकून द्यावा; संयोजनाचा खर्च शून्यावर येतो.

या युक्तीमागे सांख्यिकीतील पर्याप्ततेची जुनी कल्पना आहे : विशिष्ट प्रश्नापुरती सर्व माहिती काही थोड्या संख्यांत सामावलेली असू शकते. पुणे विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागाचे संस्थापक-प्रमुख वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) यांचे महत्त्वाचे संशोधन याच विषयावर आहे. तथापि ही युक्ती सरसकट वापरू नये. स्तंभांची सरासरी त्यांच्या विचलनाच्या मानाने फार मोठी असेल, तर वर्गांच्या प्रचंड बेरजा परस्परांतून वजा होताना अचूक अंक नाहीसे होतात. अशा वेळी प्रत्येक स्तंभातून आधी एखादी सोयीची स्थिर संख्या वजा करतात किंवा टॉमस लमली यांच्या ‘बिगएलएम’ या पॅकेजप्रमाणे आव्यूहाचे विघटनच टप्प्याटप्प्याने अद्ययावत करीत नेतात.

खंड आव्यूह व विरल आव्यूह : पशुपैदाशीच्या गणितात संयोजनाचे एक अधिक अवघड रूप आढळते. वळूचे आनुवंशिक मूल्य आजमावण्यासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे चार्ल्स हेंडरसन यांनी मांडलेली समीकरणे जगभर वापरली जातात. त्यांचा गुणक आव्यूह चार खंडांचा असतो. वरच्या दोन खंडांपैकी एकात ऋतू, वेत इत्यादींचे परिणाम व दुसऱ्यात या परिणामांचा जनावरांशी संबंध असतो. खालच्या दोन खंडांपैकी पहिला त्याच संबंधाचे परिवर्त रूप असून दुसऱ्यात जनावरांच्या परस्पर नात्यांचा व्यस्त आव्यूह मिळविलेला असतो. लिहिताना दोन सी-बाइंड व त्यांवर एक आर-बाइंड एवढेच पुरते. अडचण आकाराची असते. वंशावळीत २०,००० जनावरे असतील, तर नात्यांच्या आव्यूहात ४० कोटी घरे असतात व त्यांस ३२० कोटी बाइट लागतात.

हेंडरसन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, हा व्यस्त आव्यूह मिळविण्यासाठी मूळ आव्यूह तयार करण्याचीच गरज नाही. वंशावळ वाचत गेले असता प्रत्येक जनावर, त्याचा पिता व त्याची माता यांच्या घरांत ठराविक संख्या मिळविल्या की तो थेट तयार होतो. प्रत्येक जनावरामागे फार तर ९ घरांत भर पडते. म्हणजे २०,००० जनावरांसाठी १,८०,००० पेक्षा अधिक संख्या लागत नाहीत व उरलेली घरे शून्य राहतात. अशा आव्यूहास विरल आव्यूह म्हणतात आणि आर भाषेतील ‘मॅट्रिक्स’ नावाच्या पॅकेजमध्ये त्यातील शून्येतर घरेच साठविण्याची सोय आहे.

येथेही साखळीचा मोह टाळावा लागतो. विरल आव्यूहात एकेक घर बदलत गेल्यास प्रत्येक वेळी त्याची अंतर्गत अनुक्रमणिका नव्याने रचावी लागते आणि काम साध्या आव्यूहाहूनही मंद होते. त्याऐवजी ओळ क्रमांक, स्तंभ क्रमांक व मूल्य अशा तीन लांब रांगा आधी पूर्ण भराव्यात व ‘स्पार्समॅट्रिक्स’ या फलनाला एकदाच द्याव्यात. एकाच घरासाठी अनेक मूल्ये आली असल्यास हे फलन त्यांची बेरीज करते, आणि हेंडरसन यांच्या नियमांस नेमके हेच हवे असते. अनेक आव्यूह कर्णाच्या दिशेने मांडणारे ‘बीडायग’ हे फलनही याच पॅकेजमध्ये आहे. मात्र लहान लहान खंड हजारोंच्या संख्येत असतील तर ते मंद पडते. तेव्हा त्यांच्याही तीन रांगा स्वतः तयार करणे श्रेयस्कर ठरते.